पाळणा लांबवावा की थांबवावा?

मुले किती व्हावीत आणि केव्हा व्हावीत, हे नवराबायकोने मिळून ठरवावे. आज ही गोष्ट सरळ वाटते. पण शंभर वर्षांपूर्वी असे बोलणेही पाप समजत. प्रोफेसर रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लोकांनी नावे ठेवली. त्यांना कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. पण त्यांनी हे काम सोडले नाही.

आता अंधेरी असो, मुलुंड असो, सरकारी दवाखान्यात ही साधने फुकट मिळतात. मग कोणते घ्यावे?

पाळणा लांबवायचा असेल, तर चार साधने ध्यानात ठेवा.

निरोध पुरुषाने वापरायचा. दर वेळी नवा घ्यावा. त्याने रोगही टळतात. पण वापरताना चूक झाली, तर दिवस राहू शकतात.

गोळी बाईने रोज घ्यायची. विसरली की भरवसा गेला. रक्तदाब वाढलेला असेल, किंवा अंगावर पिणारे बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, तर नेहमीची माला-एन गोळी नको. डॉक्टर दुसरी देतात.

तांबी दवाखान्यात बसवतात. एक जात पाच वर्षे चालते, दुसरी दहा. हवी तेव्हा काढता येते. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाते.

अंतरा हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे. त्याने पाळी पुढेमागे होते, कधी बंदही होते. घाबरू नये.

पाळणा कायमचा थांबवायचा असेल, तर शस्त्रक्रिया आहे. बाईच्या शस्त्रक्रियेत पोटाला छेद द्यावा लागतो. पुरुषाची नसबंदी थोड्या मिनिटांत होते. जागा बधिर करतात. माणूस त्याच दिवशी घरी जातो. दोहोंत पुरुषाचीच सोपी व कमी धोक्याची. तरीही टेबलावर जाते ती बहुधा बाईच!

असे का? "पुरुषाची ताकद जाते," अशी समजूत आहे. ती खोटी आहे. फक्त बीज वाहून नेणारी नळी बंद होते. मेहनतीची ताकद जात नाही, संसारसुखही जात नाही. मात्र पुढचे तीन महिने निरोध वापरावा, मग तपासणी करून घ्यावी.

घरधन्यांनो, बाळंतपणाच्या कळा तिने सोसल्या. आता दवाखान्याची पायरी तुम्ही चढा. दोघे मिळून जा, डॉक्टरांना विचारा, मगच ठरवा.