साडेसहा सेकंदांचा सोलकर आणि दहा फूट ज्वारी

जाडजूड पुस्तक असलं की तास कितीही कंटाळवाणा असो, पोरांचा कसोटी सामना रंगतोच. बिदरजवळच्या कमठाण्याच्या शाळेत रंगतो, उदगीरच्या रंगतो, दादरच्याही रंगतो. पान उघडायचं, शेवटचा आकडा बघायचा. चार आला तर चौकार, सहा आला तर षटकार, शून्य आलं की खेळ खलास. आठाचा हिशेब गावागणिक वेगळा! वहीच्या मागच्या पानावर गावसकर आणि तेंडुलकर एकत्र सलामीला येतात, विजय मर्चंट तिसऱ्या क्रमांकावर पॅड बांधून बसतात. काळाची भिंत पाडायला एक पेन्सिल पुरते.

पण या खेळात एक मोठी खोट आहे. यात क्षेत्ररक्षण नाही! झेल कुणी घेतच नाही, पुस्तकच घेतं. एकनाथ सोलकर संघात असो नाहीतर मारुतीची मूर्ती उभी करा, फरक शून्य.

अमेरिकेतल्या लोकांनी बेसबॉलपुरता हा प्रश्न केव्हाच सोडवला. 1961 साली तिकडे ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नावाचा फाशांचा आणि पत्त्यांचा खेळ निघाला. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, आणि त्यावर मैदानातल्या बचावाला 1 ते 5 असा दर्जा. 1 म्हणजे भिंत, 5 म्हणजे चाळणी. आजोबांच्या काळचा खेळाडू नातवाच्या काळच्या खेळाडूशी भिडवा आणि हवी तेवढी लीग खेळवा. तिकडचा बचावातला देव म्हणजे ऑझी स्मिथ. चेंडू अडवून, फेकून फलंदाजाला बाद करायला त्याने 8,375 वेळा हातभार लावला. त्याच्या जागेवरचा हा विक्रम आहे. एक फेक सरासरी 35 मीटरची धरू. झाले 293 किलोमीटर! म्हणजे एकट्या माणसाच्या हातातून चेंडू मुंबईहून पुण्याला गेला आणि जवळजवळ मुंबईला परतही आला, तोही घाटात कुठे न अडकता.

मग आपण का मागे राहायचं? भारताचा सार्वकालिक बचाव संघ काढूया. कागद घ्या, आकडेमोड सुरू.

पहिलं नाव राहुल द्रविड. 164 कसोटींत 210 झेल. जुलै 2025 मध्ये ज्यो रूटने मागे टाकेपर्यंत यष्टिरक्षक सोडून दुसऱ्या कुणाला तो आकडा ओलांडता आला नव्हता. पण 210 ऐकून छाती दडपत नाही ना? थांबा. झेल 210, पण स्लिपमध्ये वाकणं किती? एका कसोटीत भारताने 150 षटकं टाकली असं हात राखूनच धरू. षटकाचे सहा चेंडू, कसोटी 164. गुणाकार करा: 1,47,600! दीड लाखाच्या घरात उठाबशा. प्रत्येक वेळी अंग अर्धा मीटर वर आलं तर एकूण चढण झाली 73.8 किलोमीटर. कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे द्रविड गुडघ्यांच्या जोरावर जवळजवळ 45 वेळा कळसूबाई चढला, तेही पांढऱ्या विजारीत. आणि षटक संपलं की या टोकाहून त्या टोकाला जायचं, साधारण 50 मीटर. अशी षटकं 24,600. चाल झाली 1,230 किलोमीटर. मुंबई–पुणे चार वेळा जाऊन चार वेळा परत, निव्वळ षटकांच्या मधल्या वेळात! गप्पा मारत.

आता उलटं टोक बघा. एकनाथ सोलकर. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा. 27 कसोटी, 53 झेल. जागा फॉरवर्ड शॉर्ट लेग, म्हणजे फलंदाजाच्या नाकासमोर, डोक्यावर हेल्मेट नाही. सामन्यामागे झेल 1.96, द्रविडचे 1.28. सोलकरला द्रविडइतक्या 164 कसोटी मिळाल्या असत्या तर त्याच गतीने झेल झाले असते 322. तीनशे बावीस!

खरी चक्कर मात्र पुढे आहे. बॅटपासून सोलकरचा हात धरूया दोन मीटर. चेंडूचा वेग ताशी 60 किलोमीटर, म्हणजे बेताचाच. हवेतला वेळ 0.12 सेकंद. माणसाला दिसून हात हलायला 0.2 सेकंद लागतात असं अभ्यासक सांगतात. ते कसं मोजतात ते त्यांनाच ठाऊक, आपण मान्य करून पुढे जाऊ. म्हणजे दिसायच्या आतच हात पोहोचायला हवा! सगळे 53 झेल याच हिशेबाने धरले तर बेरीज किती? 6.36 सेकंद. एवढंच. अख्खी दंतकथा साडेसहा सेकंदांच्या आत. मुंबई–बिदर एक्स्प्रेस एखाद्या स्टेशनात दोन मिनिटं थांबली तर तेवढ्यात सोलकरची पूर्ण कारकीर्द अठरा वेळा उरकते आणि चहावाल्याचे सुटे पैसे अजून यायचे असतात.

गुणाकाराची एक गंमत सांगायलाच हवी, नाहीतर कुणीतरी वहीत चूक काढेल. यजुर्वेंद्र सिंग रणजीत महाराष्ट्राकडूनही खेळलेले. 1977 मध्ये बंगळूरला इंग्लंडविरुद्ध पहिल्याच कसोटीत सात झेल, त्यातले पाच एका डावात. कसोटी मिळाल्या फक्त चार, झेल अकरा. सोलकरला लावला तोच गुणाकार इथे लावला तर 164 कसोटींत 451! आकडा बरोबर, निष्कर्ष तद्दन खोटा. चार सामन्यांवरून माणूस मोजणं म्हणजे मृगाच्या पहिल्या सरीवरून तुरीचा भाव सांगणं. त्यांना मी राखीव ठेवतो. अजिंक्य रहाणे मात्र आत. 2015 मध्ये गॉलला एका कसोटीत आठ झेल घेतले, यष्टिरक्षक नसताना, आणि 2025 पर्यंत हा विश्वविक्रम होता.

यष्टींमागे कोण? किरण मोरेंनी 1988 मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजचे सहा जण एका सामन्यात यष्टिचीत केले, मनात तेच येतात. पण धोनीचा एक आकडा वाट अडवतो: 0.08 सेकंद. 2018 मध्ये मुंबईत कीमो पॉलला यष्टिचीत करायला लागलेला वेळ म्हणून हाच छापून आला. ताशी 130 किलोमीटरने धावणारी गाडी एवढ्या वेळात तीन मीटरही सरकत नाही. प्रकाश मात्र तेवढ्यात मुंबई–पुणे ऐंशी वेळा जाऊन येतो. तेव्हा प्रकाशाला यष्टिचीत करणं धोनीला जमणार नाही. बाकी सगळे बाद!

गोलंदाजीतला बचाव म्हणाल तर बापू नाडकर्णी, मूळचे नाशिकचे. जानेवारी 1964, मद्रास, समोर इंग्लंड. ओळीने 131 चेंडू, धाव एकही नाही! आजच्या वीस षटकांच्या डावात चेंडू असतात 120. म्हणजे अख्खा डाव शून्य धावांवर आटोपला, समोरचे दिवे मालवून गेले आणि बापू अजून अकरा चेंडू टाकताहेत. एकवीस निर्धाव षटकं ओळीने. बिदरजवळ नौबादला बहमनी काळातला करेज आहे, जमिनीखालचा पाण्याचा बोगदा. त्याच्या विहिरी जमिनीवरून एकामागोमाग मोजत जा, वीसच्या वर भरतात. दर विहिरीला एक निर्धाव षटक ठेवत जा, म्हणजे बापू काय चीज होते ते पायांना कळेल. त्यांची कारकिर्दीतली सरासरी षटकामागे 1.67 धावा. 2024 मध्ये हैदराबादच्या संघाने वीस षटकांत 287 धावा कुटल्या. बापूंच्या गतीने त्याच 287 ला लागली असती 172 षटकं, कसोटीचे जवळजवळ दोन दिवस.

रुपये राहिलेच की! ऋषभ पंत यष्टिरक्षक, 2025 च्या आयपीएलसाठी बोली 27 कोटी. चौदा साखळी सामने, 1,680 चेंडू. एकदा वाकायचे 1 लाख 60 हजार रुपये! आता याच दराने द्रविडच्या उठाबशांचं बिल काढा. 2,360 कोटी. रुपया-रुपयाच्या नाण्यांत द्या म्हणाला तर? 2011 सालचं नाणं 3.79 ग्रॅमचं, वजन भरतं साडेएकोणनव्वद हजार टन. म्हणजे पंचवीस मालगाड्या. एकीला एक जोडल्या तर सोळा किलोमीटर. इंजिन बिदरला उभं आणि शेवटच्या डब्याचा गार्ड कमठाण्याकडे शिट्टी फुंकतोय.

हे सगळं पोरखेळ वाटावं असा आकडा अजून पुढेच आहे. जानेवारी 2021 मध्ये भारताची तीनशेवी कसोटी टोपी दिली गेली. तीनशेच धरू. तीनशेतून अकरा जण किती प्रकारे निवडता येतात? सुमारे 369 परार्ध! एकं दहं शतं म्हणत आजीने जिथे दम सोडला तो परार्ध, एकावर सतरा शून्यं, आणि असे तीनशे एकोणसत्तर. सेकंदाला एक संघ तपासायचा म्हटलं तर विश्वाचं 1,380 कोटी वर्षांचं वय पंच्याऐंशी वेळा उलटून जाईल आणि निवड समितीची बैठक चालूच.

डोळ्यांसमोर येत नाही? मग ज्वारी घ्या. एका संघाला एक दाणा. दहा मीटर रुंद, पंधरा मीटर खोल अशी बागायतदाराची विहीर गळ्यापर्यंत भरा. दुसरी भरा. तिसरी भरा. सव्वाशे कोटी विहिरी भरतील, देशात जवळजवळ माणशी एक! विहिरी सोडा, मोकळ्यावरच ओता. अख्ख्या महाराष्ट्रावर पावणेसोळा फूट थर बसेल. पुरे नाही? कर्नाटकही घ्या. दोन्ही राज्यांवर मिळून पावणेदहा फूट ज्वारी, बिदरही खाली, उदगीरही खाली, आणि सीमेचा दगड कुठे होता ते कुठल्याच आयोगाला सापडायचं नाही!

यातला एकच दाणा उचलायचा आहे. माझ्या वहीत पाच नावं पक्की झाली: सोलकर शॉर्ट लेगला, द्रविड पहिल्या स्लिपमध्ये, रहाणे गलीत, धोनी यष्टींमागे, बापू एका टोकाकडून. उरल्या फक्त सहा जागा. त्या भरायचे पर्याय 87 हजार कोटी. सेकंदाला एक बघितला तरी साडेसत्तावीस हजार वर्षं. पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.