ठसका थांबला, दाणा कुठे गेला?

दाणे खाताना मुलाला ठसका लागला की आपण पाठ थोपटतो, ‘वर बघ, वर बघ’ म्हणतो, घोटभर पाणी पाजतो. थोड्या वेळाने मूल शांत होऊन खेळायला पळते. अम्मीचा जीव भांड्यात पडतो. खरा धोका पुष्कळदा इथूनच सुरू होतो.

हसता-रडताना शेंगदाणा, फुटाणा किंवा सीताफळाची बी श्वासनलिकेत शिरते आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या एखाद्या नळीत अडकून बसते. तिथे ती स्थिरावली की खोकला काही काळ थांबतो. दाणा मात्र आत ओलाव्याने फुगत असतो, भोवतालचे अस्तर सुजत असते. मग काही दिवसांनी, कधी महिन्यांनी, खोकला, घरघर, ताप. न्यूमोनियाचे किंवा दम्याचे औषध सुरू होते, जरा बरे वाटते, पुन्हा तेच.

एक्स-रेत नाणे किंवा टाचणी दिसते. दाणा, बी, प्लास्टिक सहसा दिसत नाही. म्हणून डॉक्टरांना घरच्यांचे एक वाक्य फार मोलाचे असते: ‘त्या दिवशी खाताना ठसका लागला होता.’ नेमके तेच सांगायचे राहते. दाणे देणारी मोठी बहीण मार बसेल म्हणून गप्प. दादीजवळ असताना घडले, तर सून सासूसमोर कसे बोलणार? नाव कुणाचेही येवो, डॉक्टरांना सांगा. भूल देऊन दुर्बिणीने वस्तू काढता येते. १८९७ साली जर्मनीत गुस्ताव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाड असेच काढले होते. अमेरिकेतल्या डॉ. शेव्हॅलिअर जॅक्सन यांनी रुग्णांच्या घशातून, अन्ननलिकेतून आणि श्वासनलिकेतून काढलेल्या दोन हजारांवर वस्तू फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आजही मांडलेल्या आहेत.

ठसका लागलेले मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. घशात बोट घालू नका, पाणी पाजू नका, पाय धरून उलटे टांगू नका. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा मारा. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली ठेवून थापा मारा, मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबा. त्याहून मोठ्या मुलाला मागून धरून बेंबीच्या वर आत-वर असे पाच हिसके द्या. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. दुसऱ्या कुणालातरी १०८ ला फोन लावायला सांगा.

चार वर्षांपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे, सुपारी नकोच. तेवढ्या लहान मुलांना नीट चावून बारीक करता येत नाही. शीरखुर्म्यातले काजू-बदाम लहानग्यांच्या वाटीत पूड करून घाला, खजुराची बी काढून द्या. पळत्या मुलामागे घास घेऊन धावू नका. हिजाब बांधताना टाचणी ओठांत धरणाऱ्या मोठ्या मुलींनाही आजच टोका. तुर्कस्तान आणि इजिप्तमधल्या डॉक्टरांनी अशा टाचण्या मुलींच्या फुप्फुसांतून काढल्या आहेत.