जुन्या संगणकासाठी लिनक्स : निवड कशी करावी?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. शाळेतली बरीच यंत्रं इथेच बाद ठरतात, आणि तीही धडधाकट असताना. त्यांच्यावर लिनक्स घालू म्हटलं, की प्रश्न येतो : कोणती? उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा... यादी संपतच नाही.

या नावांनी बिचकायला नको. सगळ्यांचा गाभा एकच. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोर्व्हाल्ड्सनं १९९१ साली तो लिहायला घेतला. त्याची मूळ आज्ञावली कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते. म्हणूनच डेबियनवर उबुंटू (२००४) उभी राहिली आणि उबुंटूवर मिंट (२००६). पीठ तेच, कुणी भाकरी थापली, कुणी थालीपीठ. पडद्याचं रूप, सोबत येणारे प्रोग्राम आणि दुरुस्त्या किती वर्षं मिळणार, यांत फरक पडतो.

शिक्षकांनी आधी वर्षांचा हिशेब करावा. फेडोराच्या एका आवृत्तीला सुमारे तेरा महिने दुरुस्त्या मिळतात. खोलीत वीस संगणक असतील, तर दरवर्षी आवृत्ती बदलण्याचा उद्योग कोण करणार? उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मिंट त्यांच्यावरच बेतलेली असते. तिच्या २२ क्रमांकाच्या मालिकेची मुदत २०२९पर्यंत आहे. नवख्यांना आम्ही हीच सुचवतो, आणि ४ जीबी मेमरीच्या यंत्रासाठी तिचं एक्सएफसीई हे हलकं रूप. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर मात्र ती चालणार नाही.

पण आमच्या शब्दावर विसंबू नका, करून पाहा. मिंटची फाइल उतरवून घ्या आणि त्यासाठीच्या प्रोग्रामनं ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी करून भागत नाही, आणि पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. त्यावरून संगणक सुरू केला, की प्रणाली मेमरीतच चालते. तुम्ही स्वतः सांगितल्याशिवाय हार्डडिस्कवर काही बसवलं जात नाही. वायफाय, आवाज, प्रोजेक्टर, प्रिंटर, सगळं तपासा. यंत्र थोडं मंद वाटेल. पेनड्राइव्हवरून वाचायला वेळ लागतो, एवढंच.

खरी अडचण वेगळीच असते : जुन्या प्रश्नपत्रिका. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. ‘कमल’ हा शब्द फाइलमध्ये डी, ई, वाय अशा इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. फाँट त्यांवर देवनागरी आकार चढवतो. नव्या प्रणालीत तो फाँट नसला, की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. मजकूर हरवलेला नसतो, त्याचा मुखवटा तेवढा गळलेला असतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्यानं हा घोळ होत नाही. म्हणून विंडोज पुसण्याआधीच अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या. जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला. रूपांतर करणारे प्रोग्राम बहुधा तिथेच अडखळतात. मग सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. नवी प्रणाली बसवताना पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय समोर येतो, आणि तो निवडला की मागे फिरता येत नाही.