बुटका गोंधळी आणि बदनाम गेम

लग्नघरचा गोंधळ पाहिलाय कधी? पैनगंगा ओलांडली की माहूर, रेणुकामातेचं ठाणं. त्यामुळे आमच्या यवतमाळकडे गोंधळाची अपूर्वाई नाही. दिवटी पेटते, संबळ घुमतं, तुणतुणं लागतं आणि नायक आख्यान सुरू करतो. पण खरी गंमत त्याच्या बाजूला उभ्या साथीदाराची. तो मध्येच तोंड घालतो, शंका काढतो, फिरकी घेतो, "मंग?" म्हणून पुढे ढकलतो. नायकानं फारच रंगवलं की याची एक टप्पल बसते आणि गोष्ट पुन्हा जमिनीवर येते. आता नवल बघा: थाप पकडली गेली की ऐकणाऱ्याचा विश्वास उडायला हवा ना? उलट पुढची गोष्ट जास्तच खरी वाटायला लागते!

हीच करामत एका व्हिडिओ गेमनं केली आहे. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर या कंपनीचा 'ड्रॅगन एज २'. मार्च २०११ मध्ये तो आला आणि त्याला असं काही झोडपलं गेलं की ही करामत निवांत बघायला कुणाला सवडच मिळाली नाही.

झोडपायला कारणं होती, नाही कशाला म्हणू. पहिला भाग, 'ओरिजिन्स', नोव्हेंबर २००९ मध्ये आला होता. कितीतरी वर्षं खपून केलेला, अख्खं राज्य पालथं घालायला लावणारा, राक्षसी सेनेपासून जग वाचवायला सांगणारा. त्यानंतर जेमतेम सोळा महिन्यांत दुसरा भाग बाजारात! घाई लपली नाही. गुहा बघावी तर मागचीच, एखादं दार बंद करून नवी म्हणून पुढे केलेली. शत्रू लाटांसारखे कुठूनही टपकायचे. आणि जग वाचवायचं? छे. एकच शहर, किर्कवॉल, आणि त्यात पोट भरायला आलेलं एक निर्वासित कुटुंब.

गुहांचा बचाव मी करणार नाही. गोंधळी एक गिरकी घेतो आणि म्हणतो, आलो बघा दिल्लीला. आपण मान डोलावतो, कारण त्यानं दिल्ली दाखवलेलीच नसते. या गेमनं गुहा दाखवली, तीही दगडन् दगड, आणि मग म्हणाला ही दुसरी आहे. फसला.

पण गोष्ट कोण सांगतंय ते तर बघा. सुरुवातीलाच कॅसान्ड्रा नावाची एक करारी बाई व्हॅरिक नावाच्या बुटक्याला खुर्चीत बसवून दरडावते: हॉकची खरी हकिगत सांग. हॉक म्हणजे खेळणारा, म्हणजे तुम्ही. व्हॅरिक सुरू होतो आणि तुमच्या हातात एक अफाट वीर येतो. एका घावात शत्रूंचा चुराडा! तुम्ही म्हणता, अरे वा, सोपं आहे की. तेवढ्यात कॅसान्ड्रा कडाडते, बकवास! आणि सगळं पुन्हा सुरू होतं. या खेपेला तुम्ही साधा, दमलेला, आई आणि भावंडांना घेऊन पळणारा माणूस असता. म्हणजे तुम्ही खेळलात ती चक्क थाप होती! सिनेमात निवेदक खोटं सांगतो तेव्हा आपण ते फक्त पाहतो. इथे त्याचं खोटं तुम्ही स्वतःच्या बोटांनी खेळून आलेले असता.

आता दुसरं आश्चर्य, माझ्या सगळ्यात आवडीचं. बोलताना पडद्यावर उत्तरं निवडायची असतात आणि शेजारी खुणा असतात: कुठे समजुतीची, कुठे थट्टेची, कुठे रागाची. तुम्हाला वाटतं, एवढंच. पण गेम गुपचूप मोजत असतो. तुम्ही बरेचदा चेष्टा केलीत की तुम्हाला न विचारता हॉक जे बोलतो, तेही चेष्टेखोर होत जातं. सतत खेकसलात तर तो आपसूक खेकसायला लागतो. त्यासाठी कलाकारांकडून कितीतरी वाक्यं तीन-तीन ढंगांत बोलवून घेतली आहेत. गावात एकदा 'खवट' म्हणून नाव पडलं की माणूस "या, बसा" म्हणाला तरी खवटच वाटतो ना? तसंच, फक्त इथे ते नाव आपण एकेक वाक्य करून कमावलेलं असतं, आणि कमावतोय हे कळत नाही.

सोबत्यांशी नातंही असंच विलक्षण. पहिल्या भागात भेटवस्तू देऊन माणसं जिंकता यायची, वाण वाटल्यासारखं. इथे एका टोकाला मैत्री, दुसऱ्या टोकाला वैर, आणि वैर म्हणजे तोटा नव्हे! कडकडून भांडणारा सोबतीही तुम्हाला मानू लागतो. इसाबेला नावाची एक दर्यावर्दी बाई ऐन संकटात पळून जाते. ती परत येईल का? तुमच्याशी गाढ मैत्री असेल तर येऊ शकते. गाढ वैर असेल तरीही! कोमट ओळख असेल तर मात्र गेलीच. शेजारधर्माबद्दल याहून खरं काही मी कुठल्या गेममध्ये पाहिलेलं नाही.

आणि घर? या जगात जादू येणाऱ्यांना पहारेकऱ्यांच्या कोंडवाड्यात राहावं लागतं. तुम्ही स्वतः जादूगार व्हायचं ठरवलंत तर जादूगार बहीण बेथनी सुरुवातीलाच मरते. योद्धा किंवा चोर झालात तर भाऊ कार्व्हर मरतो आणि बेथनी उरते. दोन्हीकडून हिशेब एकच: घरात लपवायला एक जादूगार उरतोच. शहरातलं भांडण आधीच तुमच्या ओट्यावर येऊन बसलेलं असतं. पुढे तीन-तीन वर्षांच्या उड्या मारत शहर तापत जातं, आणि तुम्ही कुणाचीही बाजू घ्या, भडका उडतोच.

यावर लोक चिडले. आमच्या निवडीला अर्थच काय, म्हणाले. चिडणं मला कळतं. पण गोंधळात भक्त पुंडलिकाचं आख्यान लागलं, तर विठ्ठल विटेवर उभा राहणार हे लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणून कुणी उठून जातं का? शेवट ठरलेला असतो. आपण कसे वागलो, कुणाला सोबत नेलं, कुणाला घरी ठेवलं, एवढंच आपलं. गेममध्ये एक मोहीम पाताळात निघते. तिच्यावर उरलेल्या भावंडाला न्यावं तर त्याला रोग जडतो. घरी ठेवावं तर बेथनीला पहारेकरी नेतात आणि कार्व्हर स्वतःच पहारेकऱ्यांत जाऊन भरती होतो. यात बरोबर उत्तर कुठलं? मी दोन्ही करून पाहिलं, दोन्ही वेळा आईचा चेहरा बघवला नाही.

शेवटी व्हॅरिक सांगतो की हॉक आता कुठे आहे ते त्याला माहीत नाही, आणि कॅसान्ड्रा त्याला सोडून देते. २०१४ मध्ये तिसरा भाग आला तेव्हा उघड झालं की बुटक्याला सगळं ठाऊक होतं. जी बाई पहिल्या मिनिटाला थाप पकडते, तिला त्यानं शेवटच्या मिनिटाला गंडवलं, आणि तिच्यासोबत आपल्यालाही! कळल्यावर ती त्याच्या अंगावर धावून जाते. पण त्याच भागात दुसरंही एक गुपित फुटतं: हीच कॅसान्ड्रा, चोरून, लाजत, व्हॅरिकनं लिहिलेली प्रेमकादंबरी वाचत बसलेली सापडते. पुस्तक अर्धवट सुटलंय म्हणून ती कासावीस झालेली असते. तिलाही पुढचं हवंय. मंग?