धडधड कशाची?

शाळेचं स्नेहसंमेलन आहे. पडद्यामागे तुम्ही उभे. आधीच्या मुलीचं भाषण संपलं, टाळ्या वाजल्या, आता तुमचं नाव पुकारणार! आणि छातीत एकदम धडधड धडधड... शेजारचा हळूच म्हणतो, "घाबरट कुठला!"

ही करामत घाबरटपणाची नाही बरं का! ती आहे अॅड्रेनलिनची. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. मेंदूने धोक्याचा इशारा दिला, की ती हे संप्रेरक रक्तात सोडते. मग हृदयाचे ठोके तर वाढतातच, शिवाय प्रत्येक ठोक्याला हृदयाचा स्नायू जास्त जोराने आकसतो. (आईबाबा, "घाबरू नकोस" म्हटलं म्हणून ही ग्रंथी ऐकत नाही!)

पण खरी गंमत पुढेच आहे. अॅड्रेनलिन पेशीच्या आत शिरतच नाही! मग आत निरोप पोचतो कसा?

हे कोडं अर्ल सदरलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात सोडवलं, तेही यकृतावर प्रयोग करून. यकृतातल्या ग्लायकोजेनच्या साठ्यातून साखर मोकळी करणारा एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतो. यकृताच्या वाटलेल्या पेशींमध्ये अॅड्रेनलिन घातलं, की तो जोमाने कामाला लागे. पण पेशींच्या आवरणाचे तुकडे वेगळे काढले, तर अॅड्रेनलिन फुकट! मग सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसत्या तुकड्यांवर अॅड्रेनलिन घातलं, ते मिश्रण तापवलं आणि उरलेल्या रसात ओतलं. काय आश्चर्य! विकर पुन्हा जागा झाला. विकर तापवले की सहसा निकामी होतात. म्हणजे आवरणापाशी तयार झालेला हा निरोप्या कोणी वेगळाच होता. त्याचं नाव सायक्लिक एएमपी. या संशोधनासाठी सदरलँडना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

हृदयातही तसंच. अॅड्रेनलिन बाहेरून कडी वाजवतं, आत सायक्लिक एएमपी तयार होतं. ते एका विकराला उठवतं, तो पुढच्यांना. पेशीत जास्त कॅल्शियम शिरतं आणि स्नायू जोरात आकसतो. तिथल्या ग्लायकोजेनमधून इंधनही मिळतं. शिवाय स्नायू सैलही लवकर पडतो. नाहीतर पुढच्या ठोक्यासाठी हृदयात रक्त भरणार कधी?

सायक्लिक एएमपी मोडून टाकणारा विकरही पेशीतच असतो. भाषण झालं, की स्टेजवरून उतरल्या उतरल्या मनगटावरची नाडी मोजा. दहा मिनिटं बसा, पाणी प्या आणि पुन्हा मोजा.