तप्त वायू वेगळे करणारी बहुवारिक पटले

नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून हायड्रोजन बनवताना कार्बन मोनॉक्साइडची वाफेशी अभिक्रिया घडवली जाते आणि तिच्यातून हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण २०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला बाहेर पडते. ते थंड करून वेगळे करण्यात बरीच ऊर्जा वाया जात असल्याने, तप्त मिश्रणातूनच हायड्रोजन निवडून घेणाऱ्या पटलांचा शोध चालू आहे.

बहुवारिक म्हणजे असंख्य लहान रेणू जोडून झालेली लांब साखळी. तिच्या घन पटलातून वायू कायमच्या छिद्रांतून जात नाही. तो पटलात विरघळतो आणि साखळ्यांच्या हालचालीने क्षणभर उघडणाऱ्या पोकळ्यांतून सरकत पलीकडे पोहोचतो. वायू आधी विरघळतो व मग पसरत जातो, ही मूळ कल्पना टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६६ मध्ये मांडली. हायड्रोजनच्या रेणूचा व्यास ०.२८९ नॅनोमीटर, तर कार्बन डायऑक्साइडचा ०.३३ नॅनोमीटर मानला जातो. एवढा सूक्ष्म फरक ओळखण्यासाठी साखळ्या ताठ असाव्या लागतात. प्रत्येक अस्फटिक बहुवारिकाचे एक काचसंक्रमण तापमान असते, ज्याच्या वर साखळ्या सैल होतात आणि ही पारख ढासळते. पॉलिसल्फोनचे हे तापमान सुमारे १९० अंश आहे, तर पॉलिबेन्झिमिडाझोलचे ४०० अंशांहूनही अधिक आहे, कारण त्याच्या साखळीत वलयांची रचना असून शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी जखडलेल्या असतात. शिवाय तापमान वाढले की कार्बन डायऑक्साइडची विद्राव्यता घटते, त्यामुळे हायड्रोजनला अधिक वाव मिळतो.

मात्र याच घट्ट रचनेमुळे हायड्रोजनही सावकाश जातो. पारगम्यता, म्हणजे वायू जाऊ देण्याची क्षमता, वाढली की निवडक्षमता घटते, ही मर्यादा लॉइड रोबसन यांनी १९९१ मध्ये आलेखाद्वारे दाखवली. म्हणून रचनाकार साखळीचा ताठपणा राखून तिला अवजड गट जोडतात, जेणेकरून साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत. तसेच निवड करणारा थर अत्यंत पातळ ठेवून त्याला सच्छिद्र आधार देतात. पॉलिबेन्झिमिडाझोलच्या अशा रूपांतरांवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही संशोधन झाले आहे. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलेल्या वेगळ्या पद्धतीत विशिष्ट पॉलिइमाइडचे पटल निष्क्रिय वायूत सुमारे ४५० अंशांपर्यंत तापवले जाते. तेव्हा घन अवस्थेतच साखळीची पुनर्रचना होऊन योग्य आकाराच्या पोकळ्या तयार होतात. अशी पटले मात्र ठिसूळ होण्याची शक्यता असल्याने, रेणूच्या रचनेइतकाच कारखान्यातील दाब सोसणाऱ्या, पटलांपासून बनवलेल्या पोकळ तंतूंच्या घडणीचा विचार करणे आवश्यक ठरते.