धामण मारली की उंदीर वाढतात

कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत उंदीर फुकटात आवरते ती बिनविषारी धामण. लावणीच्या दिवसांत मात्र दिसेल तो साप काठीखाली जातो. जीव घेणारे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. चौघांवर एकच प्रतिविष चालते. म्हणून भगत नको, आवळपट्टी नको. १०८ला फोन करा, सरकारी रुग्णालय गाठा. मण्यार बहुधा झोपेत चावते, दुखतही फारसे नाही. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचावी.

एक भिक्खू सर्पदंशाने गेला, तेव्हा तथागतांनी सापांच्या चार कुळांप्रती मैत्री शिकवली. ते खंध परित्त म्हणायचे आणि धामण ठेचायची, हे आम्हाला पटत नाही. सर्पमित्राला बोलवा. यंदा वर्षावासात विहाराच्या वर्गणीतून मच्छरदाण्या आणि बॅटऱ्या घ्याव्यात, असे आम्ही सुचवतो.